मिनिटबाईचा भाऊ

माझी ताई एका छोट्या विमानतळावर चौकशीच्या खिडकीत बत्तीस वर्षं बसली. तिच्याबद्दल दोन शब्द लिहायचे आहेत. मला लिहिण्याची सवय नाही. जमेल तसं लिहितो.

खिडकीत एक टेबल, फोन, माइक आणि मागे वेळा लिहायचा फळा. तिच्या गावाहून माझ्या गावाला दिवसातून एकच विमान जायचं-यायचं. "किती लांब हो?" असं कुणी विचारलं की ती वर न बघता सांगायची, "तीनशे दहा किलोमीटर. हवेत पन्नास मिनिटं, तिकिटावर सत्तर."

"मग वीस मिनिटं कुठं गेली?"

"जमिनीवर रांगण्यात."

कुणी "तासाभराचा प्रवास" म्हटलेलं तिला खपत नसे. हमालांनी तिचं नाव मिनिटबाई ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी चार वाजता निरोपाचा कार्यक्रम होता. आठवडाभर आधी तिचा फोन आला. "तू ये, आणि माझ्याबद्दल दोन शब्द बोल. साहेबलोक काय, कुणाचीही स्तुती करतात. लहानपणची मी तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

चार माणसांसमोर माझी बोबडी वळते, हे तिला ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. तिकीट काढलं, कागदावर आठ ओळी लिहिल्या.

त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी स्वयंपाकघरात नुसता बसून राहिलो. गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून निघून गेला. विमानही गेलं. तीन वाजता मी तिच्या खिडकीवर फोन केला. "ताई, विमान रद्द झालं गं."

ती म्हणाली, "बरं. जेवलास का?"

जेवलो म्हणालो. तेही खोटंच.

पुढं दोन वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. परवा गेलो. सामान उतरवणाऱ्या म्हाताऱ्या हमालानं मला ओळखलं.

"बाईंचे भाऊ ना तुम्ही? त्या दिवशी तुमचं विमान अडीचला, वेळेच्या पाच मिनिटं आधीच उतरलं होतं. बाईंनी स्वतः पुकारलं, फळ्यावर लिहिलं, दारापर्यंत जाऊन बघूनही आल्या. आणि कार्यक्रमात म्हणाल्या, भावाचं विमान रद्द झालं. समोर आम्ही बसलेलो, त्याच विमानातलं सामान उतरवून आलेलो! कुणी हूं की चूं केलं नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलायचं ते विमानाबद्दल, आणि तेही कुणाशी!

ताई घराच्या दारातच उभी होती. "हवेत किती लागली?"

"पन्नास."

"आणि जमिनीवर दोन वर्षं. ये आत."

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे रे. राहिलेले दोन शब्द तेवढे बोल. आता समोर मी एकटीच आहे."

मी उभा राहिलो. शब्द फुटेना. ती माझ्याकडं बघत होती आणि मी फरशीकडं.

"बस खाली," ती म्हणाली. "लिहून पाठव. आकडे मात्र नीट लिही."

म्हणून हे. तो कागद आता सापडत नाही, पण पहिली ओळ आठवते. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी नाव विचारलं, मी तोंड उघडेना, तेव्हा वरच्या वर्गातून येऊन माझं नाव ताईनंच सांगितलं होतं.