'लाइक' पुसणारे मास्तर

वर्ध्याच्या आमच्या शाळेत शेजारच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारे मास्तर समुद्रपूरकडचे होते. डस्टर त्यांना कधी सापडत नसे, फळा ते कोटाच्या बाहीनेच पुसत. इंग्रजी मीही शिकवायचो. उच्चार माझे चांगले, तरी पोरं त्यांची! याचीच मला जळजळ व्हायची.

इंग्रज गेले, पण पुस्तकातला सिंह तसाच राहिला. मी 'ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन' घोकून घेई. पातळ भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, "सिंह कोनं पाह्यला बे? बैल घ्या!" मग ते फळ्यावर लिहीत, 'माय फादर इज लाइक अ बुलॉक.' "बाप बैलासारखा, हे सिमिली." बाहीने 'लाइक' पुसून म्हणत, "आता बाप सरळ बैलच झाला! हे मेटाफर." तिकडे हशा पिकायचा आणि माझी पोरं व्याख्या सोडून तिकडेच कान लावायची.

एकदा मधल्या सुट्टीत मी उखडलोच. रागात माझी शुद्ध भाषाही सुटली. "मास्तर, हे भिंतसुद्धा तुमचीच बाजू घेऊन राह्यली!"

ते रागावले नाहीत. उलट माझा हात धरून म्हणाले, "वा! भिंतीले मानूस केलं तुम्ही! पर्सॉनिफिकेशन! उद्या वर्गात सांगतो."

दुसऱ्या दिवशी पलीकडून माझं वाक्य ऐकू आलं, माझ्या नावासकट. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या वाक्याला आजवर कुणी टाळी दिली नव्हती.

माझी पोरंही टाळ्या वाजवत होती, भिंतीकडे तोंड करून.