पिकअपच्या पाठीवर एटीव्ही: चिखलदरा ते नांदगाव खंडेश्वर

एटीव्ही आणायला आणि शेत बघायला मुकुंद येणार नाही, हे मला गुरुवारी दुपारी कळलं. मुकुंद माझा धाकटा भाऊ, पुण्यात असतो. "ताई, कामं निघाली गं. पुढच्या महिन्यात बघू ना." पुढच्या महिन्यात कापूस वेचून झालेला असतो आणि शेत बघायला कुणी जात नाही. मी फोन ठेवला आणि शुक्रवारी सकाळी अकोल्याच्या बसस्थानकावर परतवाड्याची एसटी पकडली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत दोन साड्यांऐवजी चार जाड पट्टे होते, सामान आवळायचे, खटक्याचे.

आधी गाडी कशासाठी, ते सांगते. तीन पावसाळ्यांपूर्वी स्कूटरवरून पडले. उजव्या पायात रॉड आहे. डांबरी रस्त्यावर काठीने चालता येतं, पण काळ्या मातीच्या ढेकळांत पाय टाकला की घोटा वळतो. बाबा होते तोवर शेत तेच बघत. गेल्या वर्षी ते गेले. आई आधीच गेलेली. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावापासून शेतापर्यंत पांदण आहे, म्हणजे बैलगाडीची वाट, तीही चिखलाची. वर्षभर मी अकोल्याहून येऊन गावातल्या घराच्या ओट्यावर बसून शेताची खबर ऐकत होते. मुकुंद म्हणायचा, "तुला तिथवर जाताच येत नाही, तर ठेवायचं कशाला? विकू." त्याचं चूक होतं असंही नाही.

तेवढ्यात कळलं की चिखलदऱ्यात पर्यटकांना एटीव्हीवर फिरवणारे एक मोहोडकाका धंदा बंद करून गाड्या विकतायत. एटीव्ही म्हणजे चार जाड चाकांची, हँडलची, उघडी गाडी. अंगठ्याने वेग, हाताने ब्रेक. उजव्या पायाला जवळजवळ सुट्टी.

परतवाड्यापर्यंत एसटीने अकोट, अंजनगाव करत आरामात जाता येतं. पुढे धामणगाव गढीमार्गे घाट. वर पोचले तेव्हा थंडी पडायला लागली होती. तुम्ही गेलात तर तिथली कॉफी नक्की प्या, तिथेच पिकते. मी टपरीवर एक कप घेतला. शेजारच्या बाकावर नागपूरचं एक कुटुंब फोटो काढत होतं. "मॅडम, जरा आमचा काढता का?" मी काढला. मग त्यातल्या आजीबाई म्हणाल्या, "आता तुमचा काढतो, द्या मोबाइल." मी एकटीच दरीकडे पाठ करून उभी राहिले. तो फोटो या लेखात टाकलेला नाही.

संध्याकाळी मोहोडकाकांच्या आवारात गाडी चालवून पाहिली. पहिल्या वळणावर मी ओरडलेच. काका म्हणाले, "अंगठा सोडला की ते थांबते, बाई. घोड्यावानी नाही, त्याले मन नाही." तीन-चार चकरा झाल्यावर मी हसत होते. मग खाली उतरले, पैसे मोजून गाडी घेतली आणि हे कुणाला सांगावं असा प्रश्न पडला. लॉजवर जाऊन झोपले.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी बऱ्याच जणांनी मला मेसेज केले आहेत: अशी गाडी न्यायची कशी?

मी चार पर्याय तपासले. पहिला, चालवत नेणं. विसरा. तिला नंबरप्लेट नसते, सार्वजनिक रस्त्यावर ती चालत नाही. दुसरा, ट्रॅक्टरची ट्रॉली. स्वस्त, पण घाटात ट्रॉलीचे हादरे आणि वेग पाहता गाडी पोचेपर्यंत खिळखिळी होते. तिसरा, पिकअपच्या मागे बुटका ट्रेलर जोडणं. चढवायला सगळ्यात सोपं, कारण तो जमिनीलगत असतो. चौथा, सरळ पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, घालणं.

शनिवारी सकाळी परतवाड्याहून शकीलभाई पिकअप घेऊन आले. पन्नाशीचे, दाढीत पांढरे केस, गळ्यात मफलर. त्यांच्या साडूकडे ट्रेलर होता आणि त्यांना तोच हवा होता.

"ताई, ट्रेलरवर पाच मिनिटांत चढते. हौद्यात टाकाले फळ्या लागन, माणसं लागन. काहून हट्ट करून राहिल्या?"

"शकीलभाई, घाटातल्या वळणाले मागचा ट्रेलर आत कापते. समोरून बस आली तर तुमी रिव्हर्स घ्यान का?"

त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "रिव्हर्स नाही जमत ट्रेलरसंगं," ते म्हणाले. "साडूलेबी नाही जमत."

हौदा ठरला. टेपने मोजलं: एटीव्ही आत मावत होती आणि मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं दार, बंद होत होता. तुमच्या बाबतीत फाळका बंद होत नसेल तर पुढे जाऊ नका. चढवायला आम्ही रस्त्याकडेचा उंचवटा शोधला. पिकअप त्याला पाठ लावून उभी केली की हौदा आणि जमीन जवळपास एका पातळीत येतात. मध्ये दोन फळ्या. फळ्या हौद्याला बांधायच्या, नाहीतर चाक चढताना मागे सटकतात. मोहोडकाकांनीच गाडी आत नेली.

बांधण्यावरून मात्र वाद झाला. शकीलभाईंचा नायलॉनच्या दोरावर विश्वास. "याच्यानं म्हशी नेल्या म्या." माझा माझ्या पट्ट्यांवर. शेवटी मागून दोर आणि पुढून पट्टे, अशी तडजोड झाली. पुढचे पट्टे मीच अडकवले, हँडलखालच्या काळ्या दांडीला. दांडी दिसायला मजबूत होती.

घाट उतरायला लागलो. शकीलभाईंचा फोन स्पीकरवर वाजला. बायको होती. "कहाँ पहुंचे?" "उतर रहे घाट. खाना खा लेना तुम." थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. फोन ठेवून ते मला म्हणाले, "तुमी नाही सांगत घरी? निंगालो म्हणून?"

"कोणाले सांगू?" मी म्हटलं. "घरी कोणी नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग म्हणाले, "बरं असते एकटं, ताई. कटकट नाही." त्यांना धीर द्यायचा होता. मी खिडकीबाहेर सागाची मोठाली पानं पाहत बसले.

पुढच्याच उतरत्या वळणावर मागे धाडकन आवाज झाला.

शकीलभाईंनी गाडी कडेला घेतली, चाकांपुढे दगड लावले. एटीव्ही पुढे घसरून केबिनच्या जाळीला टेकली होती आणि तिरकी झाली होती. पुढचं एक चाक हौद्याच्या बाजूच्या पत्र्यावर चढलं होतं. मागचा दोर सैल पडला होता. माझी ती मजबूत दांडी प्लास्टिकची निघाली, मधोमध तुटली होती. म्हणजे चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी.

"ढकलून सरकन?" मी विचारलं. त्यांनी खांदा लावला. गाडी हलली नाही.

"चालू करून मागे घ्या लागन," ते म्हणाले. "मले नाही येत हे."

मोहोडकाका वर राहिले होते. रस्त्यावर आम्ही दोघंच. मी हौद्याच्या कडेला हात धरले. उजवा पाय उचलला जात नव्हता, म्हणून शकीलभाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "पाय ठेवा, ताई." त्यांच्या ओंजळीत डावा पाय दिला आणि वर चढले. सीटवर बसले तेव्हा गाडी इतकी कलली होती की डाव्या बाजूला पत्रा आणि त्यापलीकडे नुसती हवा दिसत होती. काल मी काकांच्या सपाट आवारात चालवली होती, तीही हसत.

तेवढ्यात वरून एक कार आली. आतल्या पोरांनी पिकअपमधल्या एटीव्हीवर बसलेली बाई पाहिली आणि जोरजोरात हात हलवले. मीही हलवला. दुसरं काय करणार?

"मागं घ्या, लय हळू," शकीलभाई फाळक्यापाशी उभे राहून म्हणाले.

"तुमी तिथून बाजूला व्हा आधी."

"मी पाहतो न."

"शकीलभाई, बाजूला व्हा!"

ते झाले. मी रिव्हर्स टाकला, हँडल सरळ केलं आणि अंगठा जरासा दाबला. गाडीने धक्का दिला, चाक पत्र्यावरून धपकन खाली आलं. अंगठा सोडला. थांबली. ती हौद्याच्या मधोमध उभी होती.

शकीलभाई म्हणाले, "अरे बाप्पा." मग हसले. मला मात्र रडू आलं, ते त्यांनी पाहिलं नसल्यासारखं केलं आणि पट्टे गोळा करायला लागले.

तर नीट वाचा: पट्टा नेहमी लोखंडी चौकटीला अडकवायचा, टकटक वाजवून बघून. चारही कोपऱ्यांतून बांधायचा, गाडी स्प्रिंगवर थोडी दबेपर्यंत आवळायचा. दोर वापरू नका; घाटात आम्हीही मग चारही पट्टे असेच बांधले. आणि निघाल्यावर थोड्याच अंतरावर थांबून पुन्हा आवळा. आम्ही परतवाड्यात थांबलो, आवळले. अमरावतीत थांबलो, आवळले आणि गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला तो वडा शकीलभाईंनी दोन प्लेट खाल्ला आणि बायकोला फोन करून सांगितलंही. बडनेरा ओलांडलं तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला.

गावात शाळेजवळच्या उंचवट्याला पिकअप लावून एटीव्ही उतरवली. या वेळी मीच. शकीलभाई परत निघताना म्हणाले, "त्या कारवाल्या पोरांनी फोटो काढला असन तुमचा." आणि गेले.

रविवारी सकाळी पांदणीने शेताकडे निघाले. वाटेत कौतिकाबाई भेटली, बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे वेचणीला येणारी. तिने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"बाई व! हे काय आणलं?"

"बस मागं. सोडतो तुले."

"मी नाही बसत," ती म्हणाली. "मले पाय हायेत."

तिने जीभ चावली, मी हसले, तीही हसली. पण ती चालतच गेली. मी एकटी पुढे निघाले.

अपघातानंतर पहिल्यांदाच शेतात आले होते. कापसाच्या कडेकडेने थेट टोकापर्यंत गेले, नाल्यापर्यंत. तिथे धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला होता. पावसाच्या पाण्याने बांधाचा मोठा लचका तोडून आमची माती नाल्यात नेली होती. कडेच्या ओळीतली झाडं मुळं उघडी टाकून लोंबत होती. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणारे वेचणीपुरते येतात, या टोकाला त्यांचं काम नसतं. बाबा रोज यायचे इथवर.

तिथूनच मुकुंदला फोन लावला. "नाल्याकडचा धुरा फुटलाय."

"कुठला नाला?"

खाली पाणी वाहत होतं, बारीक, गढूळ.

"ताई? अगं एकटी किती दिवस करशील तू हे?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण यंदा विकायचं नाही. आधी धुरा बांधते."

एटीव्ही गावातल्या घरी ठेवून संध्याकाळी बडनेऱ्याहून रेल्वे पकडून अकोल्याला आले. फ्लॅटचं कुलूप उघडलं, दिवा लावला, दूध तापत ठेवलं. या प्रवासाने काय दिलं, असं विचाराल तर सरळ सांगते. एकटेपण गेलं नाही. घाटात गाडी सरळ झाली तेव्हा ज्याला सांगावं असं माणूस नव्हतं, ते अजूनही नाही. शेताच्या टोकाला उभी होते तेव्हाही शेजारी कुणी नव्हतं. पण मी तिथे उभी होते.

सोमवारी नांदगावच्या एका जेसीबीवाल्याला फोन केला, बांधाच्या कामासाठी. तो म्हणाला, "येतो मॅडम बुधवारी. पण शेत दाखवाले कोन येईन? घरचं कोणी असन तर पाठवजा."

"मीच येतो," मी म्हटलं. "घरची मीच आहे."