पाणवठ्याची लाल फीत

मंगळवारी मुरुडजवळच्या माळावर गेले होते, काळविटं बघायला... आणि परत आले ती संतापून. अजून डोकं शांत झालेलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा बाबांची बदली इथे झाली. नांदेडच्या कॉन्व्हेंटमधून मी सुट्टीला आले की ते मला स्कूटरवर या माळावर आणायचे. 'राखीव क्षेत्र' ही पाटी मी पहिल्यांदा तिथेच वाचली. "यांच्यासाठी राखलेलं," असं बाबांनी काळविटांकडे बोट दाखवून सांगितलं होतं.

पाटी अजून आहे. गवत मात्र यंदाच्या दुष्काळात पार करपलंय. मधोमध सिमेंटचा नवा पाणवठा, टँकरने काठोकाठ भरलेला... भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप आणि वर लाल फीत! कुंपणाबाहेरच्या मातीत नुसते खुरांचे ठसे. बिचारी काळविटं फेऱ्या मारून मारून परत गेली होती.

राखणीला रोजंदारीवर असलेल्या कमलबाई बाभळीखाली बसल्या होत्या. किल्ली कुणाकडे, मी विचारलं.

"माझ्यापाशीच हाय की. पर फीत कापल्याबिगर उघडायचं न्हाई म्हनले सायेब."

"मग कापत का नाहीत?"

"मोठ्या पाव्हन्यांची तारीख भेटंना. आठ दिस झाले. काल एक पाडस मेलं बाई, तारंला तोंड लावून... हरणाला काय कळतंय उद्घाटन!"

त्यांनी फीत तोडली असती तर त्यांचं काम गेलं असतं.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शिवणाच्या तासाला बजावायच्या, पर्समध्ये छोटी कात्री हवीच. ती सवय अजून आहे. कात्री काढली आणि फीत कापली. 'ही मी कापली' असं कागदावर लिहून, खाली नाव, पत्ता, सही करून तो कमलबाईंच्या हातात दिला.

"टाळ्या वाजवू का, बाई?" म्हणत त्यांनी कुलूप काढलं.

आम्ही लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने एक मादी आली... थबकली, पुन्हा पुढे आली. मान खाली घालून ती कितीतरी वेळ पाणी पीत राहिली.

तर मोठ्या पाहुण्यांनी आता यायची तसदी घेऊ नये, उद्घाटन त्या मादीने केलंय. फीत माझ्या पर्समध्ये आहे. तक्रार करायची तर माझ्यावर करा, कमलबाईंवर नको.

मला फक्त एकच खंत आहे... मी सोमवारी जायला हवं होतं.