फोटोतला बगळा

मुरबाडकडच्या एका जत्रेत लोकांनी माझ्या टुरिंग टॉकीजची कनात फाडली, ती एका बगळ्यापायी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंबू माझा होता, तोही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. मंडप बांधणाऱ्याकडे खांब उचलण्यापासून सुरुवात करून मी तिथवर आलो होतो. मशीन चालवायला माझ्या बायकोचा धाकटा भाऊ होता. त्याच्या हाताला मशीनची नाडी कळायची.

पिक्चर परदेशी होता, हिंदीत डब केलेला. कोळ्याची एक पोर, तळ्याच्या राजाने पळवलेला भाऊ, बर्फाचे डोंगर, आणि घराएवढा पांढरा बगळा. शहरात तो आपटलेला होता. मुंबईच्या वितरकाकडे मी दोन तास घासाघीस केली. दोनदा जिना उतरलो, दोनदा त्याने हाक मारून वर बोलावलं. शेवटी त्याची प्रिंट माझ्या भावात तर घेतलीच, वर फोटोसेटही फुकट पदरात पाडून घेतला. फोटोसेट म्हणजे थिएटरबाहेर काचेत लावतात ते मोठे रंगीत फोटो. त्यातल्या एकात ती पोर बगळ्याच्या पाठीवर बसून डोंगरांवरून उडत होती. तोच मी तंबूच्या तोंडाशी टांगला. फोटो बघून बाया आपल्या पोरांना ओढत आत आणत होत्या.

संध्याकाळचा पहिला खेळ. पोर तळ्याकाठी आली, बगळा मान वाकवून तिच्यापुढे उभा राहिला, तंबू श्वास रोखून बसला. आणि पुढच्या क्षणी पोर डोंगरापलीकडे चालताना दिसली. बसणं नाही, उडणं नाही.

"ओ शेट, बगला कुठं गेला?" मागून आवाज आला.

"मासं पकराला गेलाय," दुसरा म्हणाला. लोक हसले.

मी सुटकेचा श्वास टाकला, तो लवकर टाकला. पिक्चर संपला तरी बगळा परत आला नाही, तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, "फोटूत बसलीय ती काय तुझी आयस? आमी ते बघाया पैसं दिलं." मग कोणीतरी कनातीला हात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीळ उजेडात धरलं. जुन्या प्रिंटला जोड बरेच होते, पण एक बरोबर त्याच जागी होता. आता तंबूच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. जत्रेत दोनऐवजी तीन खेळ बसवायचे तर पिक्चर आखूड करावा लागतो. आम्ही गाणी कापायचो, रडारड कापायचो. कात्री मेहुण्याच्या हातात असायची, पण काय कापायचं ते मी सांगायचो. असे कापलेले तुकडे घेणारेही होते. दुसरे तंबूवाले ते आपल्या पिक्चरमध्ये चिकटवत. आणि जत्रेच्या आधी दोन दिवस रिळांचे डबे आटगावला मेहुण्याच्या घरी होते. त्याच आठवड्यात त्याने नवी सायकल घेतली होती.

मी हिशेब केला आणि सगळ्या कामगारांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली.

"दाजी, मी नाय कापलं," तो म्हणाला. "तुमी सांगितल्याबिगर मी कधी कात्री उचललीय का?"

"फोटो खोटा आहे का मग?"

त्याच्याकडे याला उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणजे चोर, असं मी धरलं. त्याने हातातला पाना मशीनवर ठेवला आणि तो एस.टी.च्या दिशेने चालू लागला.

पुढे तो फोटो काढून ठेवून मी तोच पिक्चर तीन हंगाम चालवला. लोक त्याला 'बगळ्याचा पिक्चर' म्हणत आणि संवाद पाठ असलेले लोक पुन्हा पुन्हा येत. पण नवा मशीनवाला रीळ जाळायचा, आणि प्रत्येक वेळी मला मेहुण्याचा राग यायचा. मी ज्याला हाताला धरून धंद्यात आणलं त्याने माझं नाक कापलं, हे मी ज्याला त्याला सांगत फिरलो. केबल आली, तंबू विकला, शहापूरला हार्डवेअरचं दुकान टाकलं. आटगाव तिथून काय लांब? पण मी पाऊल टाकलं नाही. भाऊबिजेला बायको एकटी जायची. मी तिला रिक्षात बसवून द्यायचो, ती परत आली की "कसा आहे?" असं विचारायचो नाही, आणि ती सांगायची नाही. त्याआधी, तंबू असतानाच मेहुण्याचं लग्न झालं, तेव्हाही मी खेळ आहे म्हणून राहिलो. खेळ नव्हता.

तो फोटो मात्र मी टाकला नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवला होता.

दोन हजारनंतर काही वर्षांनी मुलगी मुंबईला कॉलेजात गेली. एका रविवारी दुपारी ती डीव्हीडी घेऊन आली. "बाबा, आपला बगळा!" लहानपणी तंबूत बायकोच्या मांडीवर बसून तिने तो पिक्चर कितीदा पाहिला होता. ती सांगत होती की या पिक्चरचे आता जगभर भक्त आहेत, कुठल्याशा गोदामात मूळ निगेटिव्ह सापडली, तिची डागडुजी करून दिग्दर्शकाला हवा होता तसा पूर्ण पिक्चर आता काढलाय. डायरेक्टर्स कट म्हणतात त्याला.

पिक्चरच्या आधी एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा खुर्चीत बसून इंग्रजीत बोलू लागला. मुलगी मराठीत सांगू लागली.

"हा डायरेक्टर. म्हणतोय, तळ्यानंतरचा उडण्याचा सीन त्याला सगळ्यात आवडता होता. पण पिक्चर लांबतो म्हणून निर्मात्याने तो आधीच कापला. फोटो तेवढे छापून झाले होते. सीन कुठल्याच प्रिंटमध्ये गेला नाही. जगात कोणी पाहिला नाही."

बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"परत लाव," ती म्हणाली.

मुलीने परत लावलं. म्हातारा परत तेच बोलला. बायकोने सूप बाजूला ठेवलं, पदराने हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चपला घाला."

खरं तर मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, आणि पुरेशी वाटली. पण पहिल्यांदा वाटलं ते हायसं. इतकी वर्षं एका चोराचा राग पाळायचा, त्याच्या बहिणीच्या हातचं जेवायचं, आणि ती मान खाली घालून वाढते तेव्हा भिंतीकडे बघायचं. चोरी झालीच नव्हती. आमच्या घरात कोणी चोर नव्हता. खांद्यावरून सिमेंटची गोणी उतरवल्यावर माणूस आपोआप ताठ होतो, तसं काहीतरी झालं.

मेहुण्याकडे डीव्हीडी प्लेयर असेल का, ते बायकोलाही माहीत नव्हतं. म्हणून मी आमचाच टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला, बायकोच्या हातात तो फोटो दिला, आणि आम्ही रिक्षाने आटगावला गेलो.

तो अंगणात पंख्याची मोटर खोलून बसला होता. केस पिकले होते. बहिणीला बघून उठला, मला बघून परत बसला.

मी रस्त्यात भाव ठरवला होता. अर्धी चूक माझी, अर्धी त्या निर्मात्याची. पण समोर बसल्यावर ते काही जमेना. म्हाताऱ्याने जे सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं आणि म्हणालो, "तू कापलं नव्हतंस. तेव्हा निर्मात्यालाही फोटो आधी छापायची काय घाई..."

"दाजी," तो म्हणाला, "घासाघीस नका करू."

"माझी चूक झाली."

"सायकल माज्या बायकोच्या बापानं दिलेली," तो म्हणाला. "लगीन ठरलं होतं. तुमी इचारलंच नाय."

आता उत्तर नसण्याची पाळी माझी होती. बायको त्याच्या शेजारी जाऊन बसली होती आणि त्याच्या हातावरचं ग्रीस पदराने पुसत होती. तो तिला पुसू देत होता. थोड्या वेळाने त्याने फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला.

"उडतो का मंग?"

"उडतो."

"लावा."

आत जाऊन टीव्हीला वायरी त्यानेच जोडल्या. माझा हात त्याने बाजूला केला, तंबूत करायचा तसाच. पोर तळ्याकाठी आली. बगळ्याने मान वाकवली. ती त्याच्या पाठीवर चढली, आणि तो उडाला. डोंगर खाली गेले, ढग आले, परत डोंगर. बायको तोंडाला पदर लावून बघत होती. मी मेहुण्याकडे बघत होतो. तो डोळे बारीक करून, मान एका बाजूला टाकून, रीळ तपासावं तसा पडद्यावर नजर लावून बसला होता.

बगळा एकदाचा डोंगरापलीकडे उतरला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"चांगला हाय," तो म्हणाला. "पण दाजी, लांबलंय. मी असतो तर कापला असता."