देवकाबाईंचा शनिवार

१९९८ साली आमच्या शाळेत ठरलं, की दर शनिवारी गावातलं कुणीतरी येऊन पोरांना हाताचं काम शिकवेल. ठरवलं उईके गुरुजींनी आणि मच्छीमार सोसायटीच्या मनसारामभाऊंनी. आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापलीकडे, तलावाच्या मातीच्या पाळीखाली. जाळं विणण्यात देवकाबाईंसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून दोघं आधी त्यांच्याच दारात गेले.

"मले लिहिता येत नाई, गुरुजी. मी शाळेत येऊन काय करू?" देवकाबाई म्हणाल्या.

"आमाले जाळं विणता येत नाई. तेच शिकवा," गुरुजी म्हणाले.

शनिवारी सकाळी त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. चौथीची आम्ही एकतीस पोरं उठून एका सुरात "नमस्ते" म्हणालो. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं असतं असं त्यांना वाटलं. एकेकाकडे बघत त्यांनी एकतीस वेळा हात जोडले. विसाव्या नमस्कारापर्यंत आम्ही हसू दाबून होतो, पुढं ते जमलं नाही. मग त्याही हसत सुटल्या.

खुर्चीवर त्या काही बसल्या नाहीत. फरशीवर बसून त्यांनी सोसायटीने दिलेला दोरा गुरुजींच्या टेबलाच्या पायाला बांधला आणि पहिली गाठ दाखवली. जाळ्याचं घर दोन बोटांचं ठेवायचं, म्हणजे लहान मासोळी निसटून जाते अन् मोठी होऊन परत येते, असं त्यांनी समजावलं. आम्ही गाठी इतक्या जोरात आवळल्या, की तासाभरात टेबल वर्गाच्या मधोमध आलं. गुरुजी खुर्ची सरकवत टेबलामागोमाग येत राहिले आणि हजेरी भरत राहिले.

घरं मोजताना त्या म्हणाल्या, "चार विसा झाले." गुरुजींनी फळ्यावर ८० लिहिले. देवकाबाई जवळ जाऊन बघत राहिल्या. एवढ्या मोठ्या कामाचे दोनच आकडे बघून त्यांना इतकी गंमत वाटली, की त्या दिवशी त्यांनी आपल्या छपरावरची कवेलू, अंगणातल्या कोंबड्या, शेजारची माणसं, सगळं आमच्याकडून फळ्यावर लिहून घेतलं.

जानेवारीत आमचं जाळं पुरं झालं. मनसारामभाऊंनी तलावाचा एक कोपरा आमच्यासाठी मोकळा ठेवला. आम्ही पोटरीइतक्या पाण्यात, देवकाबाई कमरेइतक्या. तेवढ्यात पाळीवर एक साहेब आले. ते आमचे केंद्रप्रमुख होते. तपासणीला आले, तर आमच्या वर्गाला कुलूप. मग आवाजाच्या मागानं इकडे आलेले. गुरुजींचा चेहरा उतरला. देवकाबाईंना ते कोण हे माहीत नव्हतं.

"भाऊ, उभे काऊन राह्यले? धरा," म्हणत त्यांनी दोराचं टोक साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी धरलं. आम्ही सगळ्यांनी ओढलं. जाळं काठाला आलं आणि त्यात हाताएवढा रोहू उसळताना दिसला. नेमका तो आमच्या वर्गातल्या पिंटूनं विणलेल्या भागाकडे गेला. पिंटूच्या गाठी सैल होत्या. रोहूनं तिथून उडी मारली, पिंटूनं त्याच्यावर उडी मारली, आणि दोराला झटका बसून साहेब पँट-शर्टासकट पाण्यात बसले. पिंटू उठला तेव्हा रोहू त्याच्या पोटाशी कवटाळलेला होता आणि शेपटीनं त्याच्या थोबाडीत मारत होता. देवकाबाई हसता हसता पाण्यातच बसल्या. साहेब कोण हे गुरुजींनी सांगितल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. साहेबांनी शर्ट पिळला, पिंटूच्या सैल गाठी बघितल्या आणि बरोबर गाठ कशी मारायची ते देवकाबाईंकडून शिकून घेतलं. त्यांची पहिली गाठ पिंटूपेक्षाही सैल झाली.

पाळीवर भात शिजला, रोहूचा रस्सा झाला. एकेकाच्या वाट्याला बोटभर तुकडा आला, तरी आम्ही कढई बोटांनी पुसून काढली.

महिनाभरानं साहेबांची चिठ्ठी आली. पलीकडच्या दोन गावांतल्या शाळांना देवकाबाई हव्या होत्या. त्या एस.टी.नं निघाल्या. कंडक्टरनं कुठलं तिकीट एवढंच विचारलं होतं. देवकाबाई मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मी शाळेत शिकवाले जातो."