त्या सकाळचं उड्डाण

आई गेल्यावर बाबा सिंगापूरला माझ्याकडे राहायला आले. मरीन परेडला आमचा फ्लॅट होता. एअर मार्शल म्हणून निवृत्त झालेला, एका अख्ख्या कमांडचा प्रमुख राहिलेला हा माणूस सकाळी नातीला स्कूलबसपर्यंत सोडायचा आणि परत येताना बाजारातून नारळ, कोथिंबीर आणायचा. मी बँकेतून येईपर्यंत कुकर झालेला असायचा. घरातही अंगात शर्ट इस्त्रीचाच.

माझा मोठा भाऊ लढाऊ वैमानिक होता. मी पुण्यात कॉलेजात होते, तेव्हा बाबा वाळवंटातल्या एका तळाचे प्रमुख होते आणि भावाचं स्क्वाड्रन सरावासाठी नेमकं तिथेच आलं होतं. आई हरखून गेली होती. पोरगा रोज घरी जेवायला येणार म्हणून तिनं माझ्याकडून पुण्याहून काळा मसाला मागवून घेतला होता. एका सकाळी उतरताना त्याचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. त्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. तळावर भेटलेल्या प्रत्येकानं मला एकच गोष्ट सांगितली. त्याच दिवशी सकाळी बाबांनी त्याच जातीचं विमान स्वतः उडवलं होतं. स्क्वाड्रनमधली मुलं धास्तावली होती, त्यांच्या मनातली भीती जावी म्हणून साहेब एकटे वर गेले, तेही मुलाचे अंत्यसंस्कार व्हायच्या आधी. सांगताना माणसांचे डोळे भरून यायचे. मलाही तेव्हा त्या गोष्टीचा आधार वाटला. असा बाप आपला, असं वाटलं.

बाबा वर गेले तेव्हा आई घरी बायकांच्या घोळक्यात बसली होती. विमानाचा आवाज डोक्यावरून गेला तसं तिनं विचारलं, "कोण गेलं वर?"

"सर स्वतः गेलेत," कुणीतरी सांगितलं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला लागली. अशा दिवशी घरात गॅस पेटवायचा नसतो, म्हणून बायका तिचे हात धरत होत्या. तिनं कुणाचं ऐकलं नाही. मी पोचले तेव्हा पोळ्यांची चळत ओट्यावर तशीच पडली होती.

पुढे बाबांना बढत्या मिळत गेल्या. बंगले मोठे होत गेले, गाडीवर तारे वाढले. प्रत्येक समारंभाला आई नीट साडी नेसून पहिल्या रांगेत बसायची, नव्या अधिकाऱ्यांच्या बायकांची आपुलकीनं चौकशी करायची. त्यात कधी कसूर झाली नाही. पण पूर्वी बाबा उड्डाणाहून घरी आले, की ती दारातच "उतरलात?" असं विचारायची. आलात नाही, उतरलात. त्या दिवसानंतर तो प्रश्न तिनं कधीच विचारला नाही. दोघं आयुष्यभर एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागली.

सिंगापूरला राष्ट्रीय दिनाच्या आधी कितीतरी शनिवार तालमी चालतात. लढाऊ विमानं आमच्या भागावरून जायची. मुलगी गॅलरीतून ओरडायची, "आजोबा, come quick lah!" बाबा आतल्या खोलीतून म्हणायचे, "तू बघ, बाळा. मला सांग किती होती."

अशाच एका शनिवारी तिला बेडोकला पोहण्याच्या क्लासला सोडून आम्ही दोघं जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, कॉफी घेत बसलो होतो. विमानं गेली. सगळं हॉकर सेंटर वर बघायला लागलं. बाबा कपाकडे बघत होते.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही वर गेलात, ते मला अजूनही फार मोठं वाटतं."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "मला घरी जायची भीती वाटत होती."

मला कळलंच नाही.

"आदल्या रात्री मी ऑफिसातच थांबलो. चौकशी, फोन, कागद. सकाळी काही कारण उरलं नाही. घरी तुझी आई बसलेली. तिच्यासमोर उभं राहायचं कसं? समोर विमान होतं, मी त्यात चढलो. पोरांसाठी वगैरे नाही. वर कुणी माझ्या तोंडाकडे बघणार नव्हतं. मास्कच्या आत मी रडत होतो आणि रेडिओवर बरोबर उत्तरं देत होतो."

"आईला सांगितलंत कधी?"

"नाही. तिला वाटायचं, मला पोरापेक्षा नोकरी मोठी. मी तसं वाटू दिलं."

"का पण?"

"खरं सांगितलं असतं, तर तिनं विचारलं असतं, भीती वाटली तर माझ्याकडे का नाही आलात? तिलाही वाटतच असणार ना भीती. ती एकटी होती तिथे." त्यांनी रुमाल काढला आणि नुसता हातात धरला. "त्या उड्डाणाचं सगळ्यांनी इतकं कौतुक केलं, की पुढे प्रत्येक बढतीच्या वेळी कुणीतरी त्याचा उल्लेख करायचं. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. क्लास सुटायची वेळ झाली, तसे आम्ही उठलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

पुढच्या वर्षी न्यूमोनियाचं निमित्त होऊन ते इथल्याच रुग्णालयात वारले. मंडाईच्या स्मशानभूमीत आम्ही मोजकी माणसं होतो. तिथे पिकल्या केसांचे एक गृहस्थ आले. हवाई दल सोडून आता इथे एअरलाइनमध्ये विमान चालवतात. त्यांनी बाबांना कडक सलाम केला आणि माझ्याजवळ आले.

"ताई, तुमचा भाऊ माझा रूममेट. त्याचं विमान पडलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, राजीनामा द्यायचा. दुसऱ्या दिवशी सर वर जाताना पाहिले आणि माझी लाज मलाच वाटली. आज मी उडतोय तो त्यांच्यामुळे." त्यांनी वळून बाबांकडे पाहिलं. "सर कधी बोलायचे का त्या सकाळबद्दल?"

मुलगी माझा हात धरून उभी होती. मी म्हटलं, "नाही हो. फारसं नाही बोलायचे."

"नाहीच बोलणार," ते म्हणाले. "ती माणसंच वेगळी."

मी त्यांना पाणी दिलं. मग अंत्यविधीसाठी आतून बोलावणं आलं आणि आम्ही सगळे आत गेलो.