उन्हाचा आकडा

हदगावची धम्मप्रिया लातुरात येऊन कॉम्प्युटर जुळवायला लागली, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं, पोरगी कीबोर्ड पुसायला ठेवलीय. आता गंजगोलाईमागच्या त्या दुकानात कुणी वेगवान मशीन मागितलं की तिचा भागीदार अकरम मधे तोंड घालत नाही. तिचा हात बसलाय तो मेमरीवर. कंपनीनं छप्पनशेचा वेग लिहून दिलेली मेमरी ती चौसष्टशेवर पळवायची. पळवणं कुणालाही जमतं हो, पळताना तिला अडखळू न देणं, खरी मेख तिथं आहे. वेग फार चढवला की मेमरी लिहिते एक आणि वाचते भलतंच. म्हणून प्रत्येक मशीनला धम्मप्रिया मेमरीची टेस्ट लावायची, आणि एक जरी चूक निघाली तरी मशीन दुकानाचा उंबरा ओलांडत नसे.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मृत्युंजयचं मशीन असंच सगळ्या टेस्ट पास होऊन थंडीत गेलं होतं. ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, तो तणतणत आला. एका नवरीच्या पाठवणीत चित्रावर हिरवे चौकोन उमटले होते आणि अख्खी फाइल खराब झाली होती. नवरीचे वडील गावभर बोंब मारतील तेव्हा आपण तुमच्याच दुकानाचं नाव सांगणार, असं त्यानं बजावलं. वेग उतरवून कंपनीचा करून टाकू, भानगड मिटेल, असं अकरमनं हळूच सुचवलं. धम्मप्रियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कंपनीचा वेग तर कंपनीच देते, मग लोक आपल्याकडे कशाला येतील, असं म्हणून तिनं मशीन टेस्टला लावलं. एकही चूक निघेना. हे तर आणखी वाईट, कारण न सापडणारा रोग बरा कसा करणार?

शेवटी ती मृत्युंजयच्या खोलीवरच जाऊन बसली. गच्चीवरची पत्र्याची खोली, भर दुपार, शेजारी कूलर. मशीन गुमान चाललं होतं. मग मंगलाष्टकांचा आवाज नीट करायची वेळ आली, तसा मृत्युंजयनं उठून कूलर बंद केला.

"कूलर का बंद केला, दादा?"

"त्याच्या घरघरीत काई ऐकू येत न्हाई ताई. रोजचंच हाय."

थोड्याच वेळात पडद्यावर हिरवा चौकोन उमटला. धम्मप्रियानं कपाळावर हात मारून घेतला. दुकानात कूलरचं तोंड कायम टेस्टच्या टेबलाकडे असायचं. लातुरात दुकानदार घामानं भिजला तरी चालतो, वारा आधी मशीनला! आधी थंडीत आणि मग त्या गार वाऱ्यात पास झालेली मेमरी इथं पत्र्याखाली तापून चुकत होती.

ती तिथंच ठाण मांडून बसली. ओढणी डोक्याला गुंडाळली, कूलरला हात लावायचा नाही अशी तंबी मृत्युंजयला दिली, आणि तो बिचारा तिला ताक पाजत राहिला. चौसष्टशे काही केल्या टिकेना. तिनं मेमरीच्या पट्ट्यांवर छोटा पंखा बसवला, व्होल्टेज जरा उतरवलं, वेग बासष्टशेवर आणला. पत्रा चटके देत होता तरी टेस्ट शेवटपर्यंत बिनचूक गेली.

"चौसष्टशे सांगितले ते कूलरमधले होते, दादा. माझी चूक. बासष्टशे हा उन्हाचा आकडा हाय. यावर मशीन अडलं तर खुशाल माझं नाव घ्या."

मृत्युंजयनं कॅमेऱ्याच्या कार्डातून पाठवणी पुन्हा घेतली आणि कूलर बंद ठेवूनच अख्खी फिल्म तयार केली. एकही चौकोन आला नाही. नवरीच्या वडिलांनी पुढच्या लेकीचं लग्नही त्यालाच दिलं.

तेव्हापासून धम्मप्रिया प्रत्येक मशीन दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत तापवून तपासते, आणि थंडीत त्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालते. बाकीचे दुकानदार हसले. त्यांचे आकडे मोठे होते, हसणारच.

परवा शिरूर अनंतपाळहून एक अनोळखी माणूस आला. तिला तो ओळखतही नव्हता. काउंटरला टेकून म्हणाला, "समदे मोठमोठे आकडे सांगायलेत. मला उन्हाचा आकडा सांगा."

तिचाच शब्द, तिच्याआधी गावोगाव पोचलेला. धम्मप्रियाचा ऊर भरून आला. आकडा तोंडपाठ असूनही तिनं त्याला मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलं आणि तापत्या मशीनवरच दाखवला.